माझ्या दारातली मुतारी

मी महाडच्या म्युनिसिपालिटीत मेंबर झालो, त्याचं कारण आमच्या वॉर्डातल्या दोन व्यापाऱ्यांचं भांडण. एक भाताचा व्यापारी, दुसरा कापडाचा. दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून, आणि दोघांनाही मेंबर व्हायचं होतं. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा दोघांच्याही मनात एकच धास्ती उभी राहिली, की आपण पडलो तर शेजारच्या ओट्यावर पेढे वाटले जातील आणि ते आपल्याला डोळ्यांनी बघावं लागेल. गावातल्या जाणत्या मंडळींनी मग तोड काढली. दोघांनीही माघार घ्यायची आणि तिसऱ्याच कुणाला तरी बिनविरोध पाठवायचं. तिसरा असा हवा होता, की ज्याचा कुणालाच हेवा वाटणार नाही. मी नुकताच पुण्याहून वकिलीची परीक्षा देऊन आलो होतो. पक्षकार जवळजवळ नव्हते, शत्रू तर मुळीच नव्हते. मंडळींची नजर माझ्यावर पडली ती एकमताने.

हे सगळं मला फार पुढे कळलं. त्या वेळी माझी खात्री होती, की लोकांनी माझी विद्वत्ता ओळखली. मी नवा कोट शिवायला टाकला आणि घरातल्या आरशासमोर उभं राहून बोलायचा सराव सुरू केला. बायकोने एकदा विचारलं, "कोर्टात काम मिळालं की काय?" मी म्हटलं, "नाही, लोकांनी निवडून दिलंय, त्यांचे आभार मानायचे आहेत." ती म्हणाली, "पण तुम्हाला मत कुणी दिलंच नाही ना?" बिनविरोध या शब्दाचा अर्थ मी तिला समजावून सांगितला. तिला तो आधीच कळला होता, असं आता वाटतं.

आभाराची सभा मी बाजारातल्या चौकात घेतली, आणि तीही बाजाराच्या दिवशी, म्हणजे गर्दी आपसूक मिळावी. पाठीमागे एका बंद वखारीची भिंत होती. मी एका रिकाम्या खोक्यावर उभा राहिलो आणि विषय घेतला 'नागरिक आणि स्वच्छता'. सुरुवातीला लोक येत-जात होते. मग हळूहळू थांबायला लागले. मग हसायला लागले. मी विनोदी असं काही बोललो नव्हतो, पण माझ्या बोलण्यात नकळत काही रंगत आली असेल असं समजून मी आणखी जोरात बोलू लागलो. हसणंही वाढलं. शेवटी सगळ्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जातेय हे ध्यानात येऊन मी वळून पाहिलं. माझ्यापासून चार हातांवर एक गाडीवान वखारीच्या भिंतीकडे तोंड करून निवांत उभा होता.

मी खोक्यावरूनच ओरडलो, "अहो, हे काय चाललंय? इथे सभा चालू आहे!"

त्याने आपलं काम पुरं केलं, धोतर सारखं केलं आणि अगदी सरळपणे मला म्हणाला, "मंग कुटं जाऊ? तुमी जागा दावा, म्या तितं जातो. आख्ख्या बाजारात जागाच नाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भाषणाला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि त्याही त्याला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बाजाराच्या दिवशी पोलादपुराकडून, बिरवाडीकडून, वरच्या वाड्यांवरून माणूस लोटायचा. आंबेनळीचा घाट उतरून गाड्या यायच्या, खाडीतून मचवे बंदराला लागायचे, नव्याने सुरू झालेल्या मोटारी चौकात धूर सोडत उभ्या असायच्या. एवढ्या माणसांनी दिवसभर करायचं काय? तर ते जिथे भिंत दिसेल तिथे करत. वखारीची भिंत, शाळेची भिंत, कुणाच्या परसाची भिंत. घरी जाऊन मी रात्रीच्या जेवणाआधी निश्चय करून टाकला, की महाडला एक सार्वजनिक मुतारी मिळवून द्यायची.

ठराव लिहिताना मी 'मुतारी' हा शब्द टाळला आणि 'लघुशंकागृह' असा लिहिला. बोर्डाच्या सभेत सेक्रेटरींनी तो गंभीरपणे वाचला. आमचे अध्यक्ष म्हणजे मिठाचा व्यापार करणारे, साठी उलटलेले, फार कमी बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "शंका लघु दिसतेय, पण खर्च गुरू होईल." सगळे हसले. मी अनुमोदन कोण देतं याची वाट बघत उभा. ते दिलं एका मुसलमान मेंबरांनी. बंदरावर त्यांचा मचव्यांचा आणि गाड्यांचा धंदा होता, आणि गाडीवानांची अडचण त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. ते म्हणाले, "वकीलसाहेबांनी नाव मोठं दिलंय, पण गोष्ट गरजेची आहे. माझं अनुमोदन."

मग एका मेंबरांनी हळूच विचारलं, "ही सोय सर्व जातींना खुली समजायची का?"

मेंबर आपापले कागद चाळू लागले. त्या वर्षांत गावातल्या तळ्याच्या पाण्यावरून उठलेला दावा कोर्टात चालू होता, आणि महाडचं नाव लांबलांबपर्यंत पोचलेलं होतं. मी उठलो. समता, न्याय, मानवता असे तीन मुद्दे मनात जुळवले, कोटाची गुंडी लावली आणि तोंड उघडलं. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "सर्वांना. पुढे चला." विषय संपला होता. मी उघडं तोंड मिटून खाली बसलो. न केलेल्या त्या भाषणाचा मला पुढे कित्येक दिवस अभिमान वाटत राहिला. ती जागा रोज साफ कोण करणार, हा प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही. मीसुद्धा नाही. त्याचं उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

ठराव मंजूर झाला. राहिली फक्त जागा ठरवायची. मला वाटलं, हे एका दुपारचं काम.

जागेसाठी एक सब-कमिटी नेमली. अध्यक्ष, ते मुसलमान मेंबर, सेक्रेटरी आणि मी. एका सकाळी आम्ही बाजारपेठेतून निघालो. पुढे मी, माझ्यामागे छत्री घेतलेले अध्यक्ष, त्यांच्यामागे मोजायची फीत घेतलेले सेक्रेटरी. प्रत्येक ठिकाणी आमचं स्वागत चांगलं झालं. लोकांनी पानसुपारी दिली, चहा दिला, आणि मुतारी किती गरजेची आहे हे आम्हालाच पटवून दिलं. फक्त ती आपल्या दुकानाशेजारी का नको, याचं प्रत्येकाकडे वेगळं कारण होतं. मिठाईवाला म्हणाला, "साहेब, माश्या माझ्याकडे आहेतच, आणखी आमंत्रण कशाला?" कापडवाल्याने आपल्या मेहुण्याच्या दुकानाशेजारची जागा सुचवली. आम्ही मेहुण्याकडे गेलो. त्याने आम्हाला परत कापडवाल्याकडे पाठवलं.

शाळेजवळची मोकळी जागा मला पसंत होती. हेडमास्तर म्हणाले, "इथे बांधलीत तर पोरं वर्गात बसायची नाहीत. आत्ताच दर घटकेला एक बोट वर असतं." मोटारींच्या थांब्यावर मोटारवाला म्हणाला, की उतारू तिकडे गेले की वेळेवर परत येत नाहीत, आणि ते आले की ड्रायव्हर जातो. बंदराकडे उतरलो तर सेक्रेटरींनी आठवण करून दिली, की पावसाळ्यात सावित्री या जागेवरून वाहते. एका वळणावर उजवीकडे देऊळ होतं आणि डावीकडे थोड्या अंतरावर मशीद. अध्यक्षांनी देवळाकडे पाहिलं, आमच्या मुसलमान मेंबरांनी मशिदीकडे पाहिलं, आणि दोघेही एकदम म्हणाले, "पुढे चला." त्या दिवशी इतकं एकमत दुसऱ्या कशावरही झालं नाही.

अशा फेऱ्या आम्ही एकदा नाही, अनेकदा काढल्या. पावसाळा येऊन गेला, दिवाळी झाली. लोक मला रस्त्यात थांबवून विचारू लागले, "काय वकीलसाहेब, शंका फिटली का?" माझा धीर सुटत चालला, आणि धीर सुटला की मी भाषण करतो.

त्या शेवटच्या फेरीनंतर आम्ही चौघे उन्हाने आणि चहाने बेजार होऊन माझ्या घराशी आलो. माझं घर बाजाराच्या तोंडाशी, गल्ली जिथे वळते तिथे. मी सगळ्यांना ओटीवर बसवलं, आत आणखी चहाला सांगितलं, आणि बोलायला लागलो. म्हटलं, "आपल्या लोकांचा हाच दोष आहे. सोय सगळ्यांना हवी, पण दुसऱ्याच्या दारात! स्वतःच्या उंबऱ्याबाहेर पाहणारा एक माणूस या गावात निघू नये? एक तरी?" मी उभा राहूनच बोलत होतो. चांगलं बोललो असेन, कारण तिघेही अगदी लक्ष देऊन ऐकत होते.

मी थांबलो तेव्हा मुसलमान मेंबर ओटीवरून समोर बघत होते. माझ्या कुंपणाच्या भिंतीला लागून, रस्त्याच्या कडेला, म्युनिसिपालिटीच्या मालकीची एक मोकळी पट्टी होती. तिच्यावर कधी कुणी पोती ठेवी, कधी एखादी गाडी सोडलेली असे. ते म्हणाले, "जागा तर हीच दिसते."

मी म्हटलं, "कुठली?"

"ही. बाजाराला लागून. देऊळ नाही, मशीद नाही, शाळा नाही, मिठाई नाही. पुराचं पाणी इथवर येत नाही. आणि शेजारी कोण, तर स्वतः वकीलसाहेब."

सेक्रेटरी फीत घेऊन उठले सुद्धा. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मी पहिल्याच फेरीपासून हेच म्हणणार होतो. पण म्हटलं, ते तुमच्याच तोंडून यावं."

जे काही म्हणावं ते मी नुकतंच उलट बाजूने म्हणून बसलो होतो. आत स्वयंपाकघरात एक भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज झाला. मी म्हटलं, "उत्तम जागा आहे. माझ्या आधीच कशी लक्षात आली नाही?"

मंडळी गेल्यावर मी आत गेलो. बायको पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. मी सार्वजनिक जीवन, त्याग वगैरे बोलून पाहिलं. मग ती म्हणाली, "लग्न ठरताना माझ्या बाबांनी तुमच्या बाबांना विचारलं होतं, मुलगा पुढे काय नाव काढेल? आता ते आले की त्यांना गल्लीच्या तोंडापासूनच दाखवीन."

काम सुरू झालं. काळ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा, आत तीन आडोसे. माझ्या खिडकीतून प्रत्येक दगड बसताना दिसायचा. मी गवंड्यांना सूचना द्यायचो, आणि ते मान हलवून आपल्याला हवं तसं करायचे. मला वाटत होतं, की ही गोष्ट आता गुपचूप सुरू व्हावी. पण अध्यक्षांना समारंभ हवा होता. ते म्हणाले, "इतकी वर्षं इथे आहे, माझ्या कारकिर्दीत गावात नवीन उभं राहिलेलं हे एकच बांधकाम. नारळ फोडायलाच हवा."

बाजाराच्या दिवशी सकाळी सगळे मेंबर फेटे-टोप्या घालून माझ्या दारात जमले. ताशेवाला आला. हार आले. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. आणि मग सगळे थांबले. आता पुढे काय, हे कुणीच ठरवलं नव्हतं. शाळा असती तर मुलं आत नेली असती, विहीर असती तर पहिला घागरभर उपसा केला असता. इथे ज्याच्यासाठी वास्तू बांधली ते करून दाखवणं आवश्यक होतं, आणि गावातल्या एकाही प्रतिष्ठित माणसाची ताशाच्या गजरात आत जायची तयारी नव्हती. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. ताशेवाल्याला काय करावं कळेना, तो आपला वाजवतच राहिला.

तेवढ्यात गर्दी मागून हलली. पोलादपुराकडचा एक गाडीवान, आत्ताच बैल सोडलेला, अंगावर घाटातली धूळ, "सरा, सरा, वाट द्या" म्हणत घुसला. हा समारंभ कसला, हार कसले, याची त्याला काही दाद नव्हती. तो सरळ आत गेला. ताशा एकदम थांबला. तो बाहेर आला तेव्हा सबंध बाजार टाळ्या वाजवत होता, आणि अध्यक्षांना इतकं हायसं वाटलं, की हातातला हार त्यांनी त्याच्याच गळ्यात घातला.

तो माणूस घाबरला. "म्या काय क्येलं?" म्हणाला. "म्या नाय काय क्येलं!" आणि हारासकट तो गाड्यांच्या तळाकडे पळत सुटला. लिहून आणलेलं माझं भाषण खिशातच राहिलं. ते पुढे कधी उपयोगी पडेल असा प्रसंग आला नाही.

त्या दिवसापासून माझं नाव बदललं. गावात माझ्या आडनावाचे आणखी एक वकील होते, त्यामुळे खेड्यातल्या माणसांना खूण हवीच होती. ती आता मिळाली. एकदा कोर्टात समोरच्या वकिलाने साक्षीदाराला विचारलं, "दस्त तू कुठे लिहून घेतलास?" तो म्हणाला, "त्या मुतारीच्या वकिलाकडं." न्यायाधीशांनी मान खाली घालून बराच वेळ लिहिण्याचं सोंग केलं. मी संतापलो, पण तो संताप फार दिवस टिकवणं परवडण्यासारखं नव्हतं, कारण कामं यायला लागली होती. बाजाराला आलेला माणूस एकदा तरी माझ्या दारावरून जायचाच. बाहेर पडला की समोर माझी पाटी. कुणाचा बांध कोरलेला असायचा, कुणाच्या चुलत्याने हिस्सा दाबलेला असायचा. आलोच आहोत तर विचारून घेऊ, म्हणून ते ओटीवर चढायचे. पुण्यात शिकलेल्या माझ्या कायद्याने जे झालं नाही, ते तीन आडोशांनी केलं. आमच्या मुसलमान मेंबरांना हे फार आवडायचं. भेटले की म्हणायचे, "वकीलसाहेब, जागा मी सुचवली. फीमधला हिस्सा कधी पाठवताय?"

मी सुखात होतो. गावाचं काम झालं, माझंही झालं, बायकोही आता त्यावर काही बोलत नव्हती. ती का बोलत नाही, याचा विचार मी केला नव्हता.

एका बाजाराच्या दिवशी मी कोर्टातून लवकर सुटलो. पुढच्या दारी पक्षकार बसलेले, म्हणून त्यांना चुकवून परसदाराने आत शिरायला गेलो. परसाचं फाटक ढकलतो तोच एक दांडगी बाई दोन्ही हात आडवे करून माझ्यासमोर उभी राहिली. डोक्यावर चुंबळ, कमरेला विळा.

"ओ दादा, कुटं शिरताव? दिसत नाय का? बायामानसं हायत आत!"

मी म्हटलं, "अहो, हे माझं घर आहे."

"आसंल. तरी आता नाय जायाचं. थांबा भायेर."

तिच्या मागे भिंतीलगत सात-आठ बायका बसल्या होत्या. पाट्या, टोपल्या, पाय बांधलेल्या कोंबड्या शेजारी ठेवलेल्या. मला पाहून काहींनी पदर ओढला, काहीजणी हसल्या. मी माझ्याच फाटकाबाहेर, माझ्या कोटात, गल्लीत उभा राहिलो. जाणाऱ्या-येणाऱ्या ओळखीच्यांना नमस्कार करत राहिलो. बऱ्याच वेळाने ती बाई म्हणाली, "जावा आता," आणि मी आत गेलो.

संध्याकाळी बायकोला विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

ती म्हणाली, "तुमचा नारळ फुटला त्याच दिवसापासून. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली एक म्हातारी आली होती, करवंदांची पाटी घेऊन. समारंभ बघत उभी होती. सगळं झाल्यावर माझ्याकडे परसात आली नि म्हणाली, 'वैनी, बापयांचं झालं गो. आमी कुटं जायाचं?' मी तिला आत घेतलं. दुसऱ्या बाजाराला तिने दोघींना आणलं. मग त्यांनी आणखी आणल्या."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत." ती दिव्याची वात सारखी करत होती. "तुम्ही सबंध गाव फिरलात. दुकानदारांना विचारलंत, मास्तरांना विचारलंत, मोटारवाल्याला विचारलंत. देवळाचा विचार केलात, मशिदीचा केलात. या बायका पहाटे घर सोडतात. डोक्यावर ओझं घेऊन चालत येतात. वाटेत नि बाजारात कुठे जायला नाही, म्हणून घरून निघताना पाणी पीत नाहीत. दिवसभर पीत नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा. हे तुमच्या कमिटीत कुणाच्याच मनात आलं नाही?"

मी तिच्याशी वाद घालायच्या तयारीने बसलो होतो. वाद नव्हताच. मी मागे आठवून पाहू लागलो. ठरावाचा मसुदा आठवला, सब-कमिटीच्या फेऱ्या आठवल्या, माझी सगळी भाषणं आठवली. 'नागरिक' हा शब्द मी किती वेळा म्हटला असेन. दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे जो नागरिक उभा राहायचा, त्याने धोतर नेसलेलं असायचं. मी जेवायला बसलो, पण त्या दिवशी समोरच्या पाण्याच्या तांब्याकडे मला नीट बघवेना.

पुढच्या सभेसाठी मी दुसरा ठराव दिला. या वेळी तयारी जय्यत केली. कोण काय आक्षेप घेईल, जागेवर कोण अडेल, पैशाचं कोण काढेल, सगळ्यांची उत्तरं पाठ केली. एवढ्या घोळानंतर पहिली मुतारी झाली, तर दुसरीला किती वेळ लागेल याचा अंदाज करून मी मनाशी लांबच्या लढाईला बसलो होतो.

सेक्रेटरींनी ठराव वाचायला घेतला. "बाजाराच्या दिवशी येणाऱ्या स्त्रियांकरिता..." आणि त्यांचा आवाज बारीक झाला. पुढचं त्यांनी जवळजवळ मनातच वाचलं. मी सभागृहाकडे पाहिलं. दर वेळी प्रत्येक विषयाला विरोध करणारे एक मेंबर छताच्या वाशांकडे बघत होते. एकजण चष्मा पुसत होते. भाताचा व्यापारी मधल्या पोटनिवडणुकीत दुसऱ्या वॉर्डातून मेंबर झाला होता, त्याला खोकला आला तो थांबेचना. अध्यक्षांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"कुणाला... काही बोलायचंय?" त्यांनी टेबलाला विचारलं.

कुणालाच बोलायचं नव्हतं. मला बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं. मी उठायला लागलो. अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, "बसा, बसा वकीलसाहेब. मंजूर. जागा यांच्या परसामागची, तीही पट्टी आपलीच आहे. मंजूर. पुढचा विषय, पुढचा विषय."

पुढचा विषय कोंडवाड्याच्या फाटकाचा होता. त्यावर दिवेलागणीपर्यंत चर्चा झाली.

बाहेर पडताना मुसलमान मेंबर माझ्याजवळ आले. हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाले, "वकीलसाहेब, ही तोड आधी कळली असती तर आपले पाय तरी वाचले असते. यापुढे गटारांचा ठरावसुद्धा बायकांच्या नावाने आणा." मी खरोखरच तसं करून पाहिलं. 'स्त्रियांच्या सोयीसाठी गटारांची दुरुस्ती' असा ठराव आणला. पण गटार या शब्दाची कुणाला लाज वाटत नव्हती. ठराव तीनदा तहकूब होऊन पडला.

बायकांची जागा मात्र झाली. आडोसा उंच, दाराला आतून कडी, आणि गल्लीतून दिसू नये म्हणून वाट फिरवून घेतलेली. ती वाट कशी फिरवायची हे माझ्या बायकोने गवंड्याला दाखवलं. त्याने तिचं सगळं जसंच्या तसं ऐकलं. नारळ फोडायचं या वेळी कुणी नाव काढलं नाही.

पुढची निवडणूक आली तेव्हा दोन्ही व्यापारी बाजूला झाले होते, आणि मला वाटलं, आता तर मी कामावर निवडून येईन. विरुद्ध कोण उभा राहिला, तर मिठाईवाला. मी घरोघर फिरलो. लोकांनी अगत्याने बसवलं. एका पेन्शनर म्हाताऱ्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "तुम्ही काम केलंत, यात वाद नाही. म्हणून तर भीती वाटते. उद्या तुम्ही मसणवटीचा प्रश्न हातात घेतलात तर?" मतमोजणीच्या दिवशी मिठाईवाल्याने सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले. माझ्याही घरी दोन आले. चांगले होते.

मी काही दिवस ओटीवर तोंड पाडून बसत असे. अध्यक्ष एकदा मुद्दाम भेटायला आले. म्हणाले, "मी तुम्हाला एक सांगू? सभा आता लवकर संपतात. पण मजा येत नाही." माझ्याविषयी ते जे बोलले ते एवढंच मला माहीत आहे. मी ते माझ्या बाजूने धरलं.

ते गेले त्याच दुपारी बाजार होता. त्या दांडग्या बाईने परसातून आत हाक मारली आणि बायकोच्या हातात दोन काकड्या ठेवल्या. मला ओटीवर बसलेलं पाहून तिने विचारलं, "वैनी, ह्ये आज कोर्टात नाय गेले?"

"कोर्टात जाऊन आले. सभा नाही आता. पडले निवडणुकीत."

बाई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही काही सांत्वनाचं बोलणार. मी चेहरा त्या मानाने जुळवून ठेवला.

"पडले?" ती म्हणाली. "मंग बरं झालं. रिकामेच हाईत तर त्या कडीचा खिळा ढिला झालाय, त्यो जरा ठोकून द्या."

बायको आत जाऊन हातोडी घेऊन आली. मी कोट काढून खुंटीला लावला, बाहेर जाऊन "आत कुणी आहे का?" असं दोनदा विचारून घेतलं, आणि खिळा ठोकून आलो. जरा वाकडा बसला, पण कडी लागते.